दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स की संगणक? ट्रेडच्या निवडीपासून शिकाऊ उमेदवारीपर्यंत

दहावीचा निकाल लागला की आयटीआयच्या प्रवेशखिडकीपाशी पालक आणि मुले बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात : सध्या स्कोप कशाला आहे? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे एका शब्दात उत्तर घेऊन घरी गेलेली मुले पुढे वर्षभरात गोंधळलेली मी पाहिली आहेत. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांत कामाचे स्वरूप इतके पालटले आहे की ट्रेडच्या नावावरून प्रत्यक्ष कामाचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे ट्रेडचे नाव ठरवण्याआधी आपल्या हातांना दिवसभर कोणते काम करायचे आहे, हे ठरवावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी : काम कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा

एके काळी इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स म्हणजे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान, असे समीकरण होते. आज घरगुती टीव्हीत बिघाड झाला तर बहुतेक वेळा पूर्ण बोर्ड किंवा पॅनेलच बदलले जाते आणि तेही कंपनीच्या सेवा केंद्रातून. एकेक सुटा भाग शोधून दुरुस्त करण्याचे काम संपलेले मात्र नाही. ते घरातून निघून कारखान्यात, शेतात आणि रस्त्यावर गेले आहे. कारखान्यातील मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह, पीएलसी (मशिनच्या क्रिया ठरल्या क्रमाने चालवणारा नियंत्रक), वेल्डिंग मशिनचे कंट्रोल कार्ड, यूपीएस, विजेवर चालणाऱ्या दुचाकींचे चार्जर आणि बॅटरी सांभाळणारे सर्किट यांपैकी बरेच काही महाग असते आणि बिघडल्यावर फेकून देता येत नाही.

शेताचे उदाहरण मुद्दाम देतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेमुळे महाराष्ट्रात गावोगावी सौर पंप बसले आहेत. त्यांतील एसी मोटरच्या पंपांमध्ये पॅनेलकडून येणाऱ्या डीसी विजेचे थ्री-फेज एसीमध्ये रूपांतर करणारा कंट्रोलर असतो. कांद्याला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत तो बंद पडला, तर तालुक्याच्या ठिकाणी तो उघडून पाहू शकणारा माणूस शेतकऱ्याला देवासारखा वाटतो. असे काम करणारी मुले इलेक्ट्रॉनिक्सच्याच वर्गातून येतात, आणि ती अजून पुरेशी नाहीत.

दुसरा मोठा बदल जुळणीच्या (असेंब्लीच्या) कारखान्यांत झाला आहे. केंद्राने २०२० साली मोबाइल आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली, डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर झाला, आणि तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर व होसूर तसेच गुजरातमधील साणंद ही नावे नोकरीच्या जाहिरातींत सर्रास दिसू लागली. महाराष्ट्रात रांजणगाव, चाकण, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, नवी मुंबई आणि गोव्यात वेर्ण्याची औद्योगिक वसाहत या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे किंवा विद्युत नियंत्रण सामग्री तयार होते. जुळणीच्या लाइनवरचे काम लवकर मिळते, परंतु तेथे एकच कृती दिवसातून शेकडो वेळा करावी लागते. त्याच कारखान्यात चाचणी, बिघाड शोधणे आणि मशिनची देखभाल या विभागांत जो जातो त्याची वाट पुढे जाते. नोकरी स्वीकारताना 'लाइनवर की मेंटेनन्सला?' हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

संगणकाच्या बाजूला हेच घडले आहे. केवळ टायपिंग आणि माहिती भरण्याच्या नोकऱ्या आटत चालल्या आहेत, तर नेटवर्क, सीसीटीव्ही, प्रिंटर व सर्व्हरची देखभाल आणि छोट्या व्यवसायांची संकेतस्थळे सांभाळणे ही कामे वाढली आहेत.

दुसरी पायरी : ट्रेडची यादी नीट वाचा

आयटीआयचे ट्रेड ज्या योजनेखाली चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना देशात १९५० पासून चालू आहे आणि तिचे अभ्यासक्रम केंद्राचे प्रशिक्षण महासंचालनालय ठरवते. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत आहेत. खासगी संस्था वेगळ्या. आपल्या विषयाशी संबंधित ट्रेड या यादीत विखुरलेले असतात आणि नावे एकमेकांसारखी असल्याने घोटाळा होतो.

'इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्यासाठी दहावीला गणित व विज्ञान हवे. सोल्डरिंगपासून मायक्रोकंट्रोलर, सेन्सर, एसएमपीएस (मुख्य विजेपासून उपकरणाला हवा तेवढा डीसी पुरवठा तयार करणारे सर्किट), इन्व्हर्टर, सौर यंत्रणा आणि ऑप्टिकल फायबरपर्यंत सर्व काही त्यात येते. ज्याला नक्की कोणत्या शाखेत जायचे हे ठरवता येत नाही, त्याने हा ट्रेड घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण याचा पाया सर्वांत रुंद आहे. 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक' हाही दोन वर्षांचा ट्रेड असून दाब, तापमान आणि प्रवाह मोजणाऱ्या उपकरणांशी त्याचा संबंध येतो. रासायनिक आणि औषधी कारखान्यांत त्याला मान आहे, पण तो मोजक्या संस्थांतच मिळतो. 'मेकाट्रॉनिक्स' आणि 'पॉवर इलेक्ट्रॉनिक्स सिस्टिम्स' हेही दोन वर्षांचेच.

संगणकाच्या बाजूला 'कोपा', म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, हा एक वर्षाचा ट्रेड सर्वांना ठाऊक असतो. 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स' हा एक वर्षाचा, तर 'आयसीटी सिस्टिम मेंटेनन्स' हा दोन वर्षांचा आहे. इंटरनेट ऑफ थिंग्ज, ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेशी संबंधित नवे अल्पमुदतीचे ट्रेडही अलीकडे सुरू झाले आहेत.

कोपाबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण हा ट्रेड 'सोपा' समजून घेतला जातो. एसीत बसायचे, हात काळे होत नाहीत, वर्षभरात सुटका, असा हिशेब करून आलेले विद्यार्थी अभ्यासक्रमातील डेटाबेस, वेबपेज आणि प्रोग्रॅमिंग पाहून घाबरतात आणि शेवटी वर्ड-एक्सेलपुरते शिकून बाहेर पडतात. तेवढे तर एमएस-सीआयटी करणाऱ्यालाही येते. कोपा घ्यायचा असेल तर स्वतः लिहिलेला एखादा चालणारा प्रोग्रॅम आणि स्वतः उभी केलेली एखादी डेटाबेस फाइल हातात घेऊनच बाहेर पडायचे, असे पहिल्याच दिवशी ठरवावे. गावातील पतसंस्थेची ठेवींची नोंद किंवा दूध संकलन केंद्राचा दहा दिवसांचा हिशेब हे सरावासाठी उत्तम विषय आहेत.

आणखी एक गोष्ट अर्ज भरण्याआधीच समजून घ्यावी. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करणाऱ्याला पदविका अभ्यासक्रमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग खुला असतो. एक वर्षाच्या ट्रेडला तो मिळत नाही. एक वर्ष वाचवण्याच्या नादात ही वाट बंद झाल्याचे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते.

तिसरी पायरी : संस्था आतून पाहा, मग पसंतीक्रम भरा

आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून दहावीच्या गुणांनुसार आणि फेऱ्यांनी होतात. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि लागू असल्यास जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर एवढे कागद निकालाआधीच जमवून ठेवावेत. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, म्हणून पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते खरोखर हवे असेल तरच लिहा.

पसंतीक्रम भरण्याआधी संस्थेत जाऊन त्या ट्रेडची कार्यशाळा दाखवण्याची विनंती करावी. तेथे चार गोष्टी पाहाव्यात : कार्यशाळेत चालू स्थितीतले ऑसिलोस्कोप (सर्किटमधील विजेची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र) किती आहेत, प्रत्येक बाकावर वीज आणि अर्थिंग आहे का, सोल्डरिंग स्टेशनला धूर ओढणारी सोय आहे का, आणि शिल्प निदेशकाचे पद भरलेले आहे का. एका खासगी संस्थेतून आमच्याकडे आलेल्या मुलाने सांगितले होते की चोवीस जणांच्या तुकडीला एकच ऑसिलोस्कोप होता आणि तोही काचेच्या कपाटात. दोन वर्षांत त्याने त्या यंत्राचे बटण दाबले नव्हते. शुल्क मात्र सरकारी संस्थेच्या कितीतरी पट भरले होते. मुलगा हुशार होता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागले.

कार्यशाळा जुनी असली तरी निदेशक हाताने काम करणारे असतील तर ती संस्था घ्यावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने १,००० सरकारी आयटीआय सुधारण्याची ६०,००० कोटींची योजना सुरू केली आहे. यंत्रे त्यातून येतील, पण शिकवणारा माणूस यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही.

चौथी पायरी : पहिले तीन महिने हातांना द्या

सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. याचा सरळ अर्थ असा की ज्याने कार्यशाळेत दांडी मारली, त्याने आयटीआयच केला नाही, मग प्रमाणपत्र मिळो वा न मिळो.

सोल्डरिंगपासून सुरुवात होते. जुने कारागीर ज्याला डाग देणे म्हणत, तेच हे. नवखा विद्यार्थी हमखास एक चूक करतो : तो सोल्डरची तार गनच्या टोकावर वितळवतो आणि तो थेंब जोडावर नेऊन चिकटवतो. त्या प्रवासात तारेतला फ्लक्स (जोड स्वच्छ करून सोल्डर पसरू देणारा पदार्थ) जळून जातो आणि जोडावर नुसता गोळा बसतो. वरून तो जोड दिसतो, आत मात्र पकड नसते; यालाच ड्राय सोल्डर म्हणतात आणि महिन्याभराने उपकरण बंद पडते ते यामुळेच. योग्य पद्धत उलटी आहे. गनचे टोक ओल्या स्पंजवर पुसून पॅड आणि भागाचा पाय या दोघांना एकाच वेळी टेकवावे, साधारण एक ते दोन सेकंद थांबावे, मग तार टोकाला नव्हे तर तापलेल्या जोडाला लावावी. सोल्डर आपोआप पायाभोवती पसरून वर निमुळता होतो. आधी तार काढावी, नंतर गन, आणि जोड गार होईपर्यंत हलवू नये. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेला सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, तर कारखान्यांत वापरला जाणारा शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना. त्याचा चांगला जोडही थोडा निस्तेज दिसतो, त्यामुळे केवळ चकाकीवरून पारख करू नये. एका टाकाऊ बोर्डावर रोज वीस भाग काढायचे आणि पुन्हा बसवायचे, असा सराव महिनाभर केला की हात बसतो. टाकाऊ बोर्ड भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात.

मल्टिमीटरबाबत एकच नियम सांगतो : कंटिन्युइटी (तार किंवा मार्ग अखंड आहे का) आणि रोध मोजताना उपकरणाचा पुरवठा बंद असलाच पाहिजे. बीप ऐकण्याच्या घाईत चालू सर्किटला प्रोब लावून मीटर जाळणारे दर तुकडीत दोघे तरी निघतात.

जीवावर बेतणारी चूक वेगळी आहे. २३० व्होल्ट एसीवर चालणाऱ्या साध्या एसएमपीएसच्या प्राथमिक बाजूच्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तेथेच असतात. ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज ड्राइव्हमध्ये हा आकडा ५८० च्या वर जातो. प्लग काढला म्हणजे झाले, असे समजून बोट लावू नये. आधी मीटरने मोजावे, व्होल्टेज असेल तर योग्य रोधातून ते उतरवावे आणि पुन्हा मोजावे. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत मुलांना शौर्याची वाटते, परंतु तिने भागही जातो आणि डोळाही जाऊ शकतो. दुरुस्त केलेला पुरवठा पहिल्यांदा चालू करताना तो १०० वॉटचा साधा बल्ब मालिकेत जोडूनच करावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने तुमची मेहनत वाचवली आहे.

पाचवी पायरी : शेजारच्या ट्रेडची हद्द ओलांडा

सीसीटीव्हीचा एक कॅमेरा बंद आहे, अशी तक्रार आली असे समजा. आजचा कॅमेरा बहुधा नेटवर्क केबलवरच चालतो आणि त्याच केबलमधून त्याला सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा जातो. इलेक्ट्रॉनिक्सवाला पुरवठा तपासतो आणि 'व्होल्टेज बरोबर आहे' म्हणून परत येतो. संगणकवाला आयपी पत्ता तपासतो आणि 'कॅमेरा दिसतच नाही' म्हणून सांगतो. बिघाड या दोघांच्या मधोमध असतो : कधी केबल १०० मीटरपेक्षा लांब ओढलेली असते, कधी कनेक्टरमधल्या आठ तारांपैकी एक नीट दाबलेली नसते, तर कधी दोन कॅमेऱ्यांना एकच आयपी पत्ता दिलेला असतो. दोन्ही बाजू तपासू शकणारा एकटा माणूस दोघांचे काम करतो, आणि दुकानदार त्यालाच पुन्हा बोलावतो.

म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने केबल क्रिम्प करणे (टोकाला कनेक्टर दाबून बसवणे), आयपी पत्ता देणे आणि एक छोटे नेटवर्क उभे करणे शिकावे. कोपाच्या किंवा हार्डवेअरच्या मुलीने मल्टिमीटर धरायला आणि एसएमपीएसचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट मोजायला शिकावे. मुलीने असे मुद्दाम लिहिले, कारण कोपाच्या वर्गात मुली मोठ्या संख्येने असतात आणि 'हार्डवेअर मुलांचे काम' असे त्यांना घरूनच सांगितलेले असते. सरफेस माउंटच्या, म्हणजे थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक भागांवरील नाजूक काम आमच्या कार्यशाळेत सर्वांत सफाईने मुलीच करतात.

रोजनिशीची वही, जी अनेकजण परीक्षेच्या आधी एका रात्रीत उतरवून काढतात, ती रोज आणि स्वतःच्या शब्दांत लिहावी : काय बिघडले होते, काय मोजले, काय बदलले. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा ही वही अधिक बोलते.

सहावी पायरी : परीक्षा

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेचा सैद्धांतिक भाग संगणकावर बहुपर्यायी प्रश्नांचा असतो. प्रात्यक्षिकात किमान ६० टक्के गुण हवेत, इतर विषयांत ३३ टक्के, आणि उपस्थिती ८० टक्के. जुन्या प्रश्नसंचांचा सराव पुरेसा ठरतो. हाताचे काम मात्र शेवटच्या महिन्यात शिकता येत नाही.

सातवी पायरी : शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) सोडू नका

निकालानंतर मुले थेट कंत्राटदाराच्या दारात उभी राहतात, कारण तेथे पहिल्या महिन्यापासून हाती जास्त रक्कम पडते. माझा सल्ला याच्या विरुद्ध आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि २०१९ च्या सुधारित नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवून दिले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली केंद्र सरकार त्यातील २५ टक्के, पण कमाल १,५०० रुपयांचा वाटा उचलते. वर्षभराने परीक्षा देऊन जे प्रमाणपत्र मिळते, त्याचा रेल्वे, वीज कंपन्या आणि संरक्षण उत्पादनाच्या सरकारी कारखान्यांतील भरतीत उपयोग होतो.

नोंदणी केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर होते. कंपनी निश्चित झाल्यावर करार त्या पोर्टलवर नोंदला गेला आहे का, त्यात ट्रेडचे नाव तुमच्या प्रमाणपत्रावरचेच आहे का आणि प्रशिक्षणाचा कालावधी लिहिला आहे का, या तीन गोष्टी स्वतः पाहून घ्या. करार न नोंदवता 'ट्रेनी' म्हणून ठेवले, तर ते वर्ष कायद्याच्या हिशेबात धरले जात नाही. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, त्यामुळे सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून जादा तास काम करून घेता येत नाही; मात्र वर्ष संपल्यावर कंपनी कायम करीलच, असेही गृहीत धरू नये. वर्षभर केवळ खोकी उचलायला लावले जात असेल, तर आधी पर्यवेक्षकाशी आणि नंतर जिल्ह्याच्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रातील अधिकाऱ्यांशी लेखी संपर्क साधावा.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्यांना दरमहा ८,००० रुपये देण्याचे २०२४ साली ठरले. रक्कम थोडी अधिक दिसते, परंतु ही शिकाऊ उमेदवारी नव्हे आणि तिचे प्रमाणपत्र त्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही. दोन्ही पर्याय समोर असतील आणि घरची निकड नसेल, तर शिकाऊ उमेदवारीच घ्यावी.

आठवी पायरी : पुढची दारे

शिकाऊ उमेदवारी संपताना तीन वाटा दिसतात. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याने पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाचा विचार करावा. तेथे गणित अवघड जाते, म्हणून आधीच्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाच्या गणिताची पुस्तके वाचून ठेवावीत. संगणकाकडे ओढा असणाऱ्याला नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा 'ओ' लेव्हल हा संगणकाचा अभ्यासक्रम करता येतो. या संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात आहे. बारावीची समकक्षता हवी असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून उरलेले विषय देण्याची सोय आहे.

तिसरी वाट शिकवण्याची आहे. निदेशकाच्या पदासाठी शिल्प निदेशक प्रशिक्षणाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो आणि तो मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेसारख्या केंद्रांत चालतो. ज्याला बिघाड सापडल्यावर तो शेजारच्या बाकावरच्या मुलाला समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची तारीख शिकाऊ उमेदवारीच्या वर्षातच वहीत टिपून ठेवावी.